पहिलीपासून इंग्रजी : भार शिक्षकाच्या बोलण्यावर
पुणे-नाशिक महामार्गावरील मोशी हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. तीन वर्षांनी, २००० मध्ये, राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तोवर ते पाचवीपासून शिकविले जाई. हा निर्णय घेणारे तत्कालीन शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे याच परिसरातील, देहूचे. गरिबाच्या मुलालाही इंग्रजी यावे, ही त्यांची भूमिका होती. आधी मातृभाषा पक्की व्हावी, असा विरोधकांचा आक्षेप होता.

लहान मूल भाषा कानाने शिकते. म्हणून आधी ऐकणे व बोलणे, मग वाचन आणि लेखन, हा क्रम योग्य ठरतो. 'स्टँड अप', 'ओपन द डोअर' ही वाक्ये कृतीसह उच्चारली की अर्थ सांगावा लागत नाही. बालगीतांतून उच्चार रुळतात.

त्यासाठी वर्गात भाषा बोलणारे कोणीतरी हवे. जपानने १९८७ पासून 'जेट' योजनेतून परदेशी तरुणांना शाळांत साहाय्यक म्हणून नेमले. मोशीत हे काम शिक्षकांनाच करावे लागते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या अनेकांच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही. वर्गातही ते कानी पडले नाही, तर पहिलीपासूनचे इंग्रजी पुस्तकातच राहते.