लाकडी चमचा आणि मोडलेलं फाटक

केंब्रिज म्हटलं की आपल्याकडं एकच शब्द पुढं येतो: रँग्लर. १८९९ साली र. पु. परांजपे तिथल्या गणिताच्या परीक्षेत एका इंग्रज पोराबरोबर बरोबरीनं पहिले आले, आणि मराठी पांढरपेशांच्या घरात हा शब्द देव्हाऱ्यात जाऊन बसला. पहिला कोण आला हे सगळ्यांनी सांगितलं. त्या परीक्षेत शेवटच्या येणाऱ्याचं पोरं काय करायची, हे कुणी सांगितलं नाही. मला इतिहासात आधी शेवटचा शोधायची खोड आहे.

शेवटच्याला लाकडी चमचा मिळायचा. पदवीदान सेनेट हाऊसमध्ये व्हायचं. खाली कुलगुरूपुढं एकेक जण गुडघे टेकून पदवी घ्यायचा, वर गॅलरीत पोरांची गर्दी. यादीतला शेवटचा गडी पुढं आला की वरून दोरीनं भलामोठा चमचा खाली सोडायचे. आपल्याकडं चमचा म्हणजे साहेबाच्या मागंपुढं करणारा. तिथं चमचा म्हणजे कसाबसा पास झालेला. शेवटचा चमचा १९०९ साली सेंट जॉन्स कॉलेजच्या होल्टहाऊसला मिळाला. तो होड्यांच्या शर्यतीतला गडी, म्हणून चमचा वल्ह्याचा केलेला, मीटरभराहून लांब. परांजपेही याच कॉलेजचे. पुढच्या वर्षापासून नंबरवार यादी बंद झाली आणि चमचाही बंद झाला.

ही थट्टा तिथं मुरलेली होती. त्यांच्या परीक्षेचं नावच बघा, ट्रायपॉस. म्हणजे तिपाई. सोळाव्या शतकात पदवीच्या वेळी एक जुना पदवीधर तिपाईवर बसायचा आणि उमेदवारांशी वाद घालता घालता टोमणे मारायचा. त्याच्या तिपाईचं नाव परीक्षेला चिकटलं. १८७७ साली चार्ल्स डार्विनला मानद पदवी दिली, तेव्हा गॅलरीतल्या पोरांनी वरून माकडाचं बाहुलं लोंबतं सोडलं. एवढ्या मोठ्या माणसाला सोडलं नाही. हे मला आवडतं. म्हाताऱ्या व्यवस्थेला चिमटा काढायची सोय हवीच.

पण मित्रांनो, डार्विन पदवी घेऊन घरी गेला. चमचेवाला पदवी आणि चमचा दोन्ही घेऊन गेला. ते आतले होते. आतल्याची थट्टा वेगळी. दाराबाहेर उभा आहे त्याची थट्टा वेगळी.

दाराबाहेर कोण होतं? आधी उंबऱ्यावरचे बघू. गरीब पोरांना तिथं 'सायझर' म्हणून घ्यायचे. फी कमी, पण त्या बदल्यात हलकी कामं करायची, वाढपी व्हायचं, वरच्यांच्या ताटामागचं उरलंसुरलं खायचं. न्यूटन १६६१ साली ट्रिनिटी कॉलेजात आला तो याच वर्गातून. उष्टं म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मग धर्म. जेम्स सिल्व्हेस्टर हा ज्यू पोरगा १८३७ साली गणितात दुसरा आला. पण पदवीसाठी इंग्लंडच्या चर्चचे नियम मान्य असल्याची सही करावी लागे. त्यानं केली नाही, पदवी मिळाली नाही. १८७१ साली कायदा होऊन ही अट गेली, त्यानंतर त्याला ती मिळाली. मेरिट, मेरिट म्हणून आपल्या कानीकपाळी ओरडणाऱ्यांनी हे वाचावं. दुसऱ्या नंबराचं मेरिटसुद्धा दारावरच्या चौकीदाराला पुरलं नव्हतं.

आणि बायका. गर्टन कॉलेज १८६९ चं, न्यूनम १८७१ चं. पोरी शिकत होत्या, परीक्षा देत होत्या. १८९० साली न्यूनमच्या फिलिपा फॉसेटला पहिल्या रँग्लरहूनही जास्त मार्क पडले. तरी पदवी नाही.

२१ मे १८९७ ला बायकांना पदवी द्यायची का, यावर मतदान झालं. मतदार म्हणजे एम.ए. झालेले जुने विद्यार्थी. त्यांना आणायला लंडनहून खास आगगाड्या सोडल्या. सेनेट हाऊससमोरच्या दुकानाच्या खिडकीतून पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला. पुतळ्याच्या अंगात तुमान, पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. खाली हजारोंची गर्दी, शिट्ट्या, अंडी, फटाके. ठराव पडला, विरोधातली मतं बाजूच्या मतांच्या अडीचपट होती. मग पोरांनी पुतळा उतरवला, फाडला आणि त्याचे तुकडे न्यूनमच्या दाराशी नेऊन टाकले. परांजपे तेव्हा केंब्रिजमध्येच शिकत होते.

२० ऑक्टोबर १९२१ ला पुन्हा मतदान. बायकांना नावापुरती पदवी मिळाली, विद्यापीठात हक्काची जागा नाही. निकाल लागल्यावर पोरांचा जमाव हातगाडी घेऊन न्यूनमवर गेला. तिथं पहिल्या प्राचार्या ॲन क्लफ यांच्या आठवणीसाठी ब्राँझचं फाटक उभारलं होतं. हातगाडीच्या धडका देऊन त्याची मोडतोड केली. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचं फाटक फोडलं! पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडलं.

१९५८ चा किस्सा तर तिथं कौतुकानं सांगतात. इंजिनिअरिंगच्या पोरांनी रातोरात एक ऑस्टिन मोटार सेनेट हाऊसच्या छपरावर चढवली. खाली काढायला आठवडा गेला. कीझ कॉलेजच्या डीननं पोरांना शँपेन पाठवली. डोकं चालवलं खरं, मीही हसलो. पण त्या कॉलेजात १९७९ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. छपरावर चढायला आधी फाटकातून आत जावं लागतं. आणि १९८८ साली मॉडलिन कॉलेजनं मुली घेतल्या, तेव्हा तिथल्या पोरांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. मस्करीच होती म्हणे.

'मस्करीच होती' हे वाक्य मी चांगलं ओळखतो. मी राहिलो त्या होस्टेलात आम्हाला 'सरकारचे जावई' म्हणायचे. मेसमध्ये ताट घेऊन बसलो की कुणीतरी "या जावईबापू" म्हणायचा आणि सगळं टेबल हसायचं. चिडलं की "अरे, गंमत कळत नाही का तुला?" रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ साली आला. २००७ साली थोरात समितीनं दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. त्यात होस्टेलातला छळ आणि वेगळं पाडणं कागदावर आलं. सायकलवरची बाई तिथं लोंबत होती. इथं आपण लोंबत असतो, एवढाच फरक.

म्हणून हसू नये असं मी म्हणत नाही. आपली जात हसणाऱ्यांची आहे. सत्यशोधकी जलशानं भटजीला हसवून हसवून उघडा केला, भीमराव कर्डकांच्या जलशानं गावोगाव तेच केलं. सोंगाड्याची थट्टा खालून वर जायची. चमचा वरून खाली यायचा. कॉलेजात कुठलीही परंपरा म्हणून काही पुढं आलं की एवढंच बघा: गॅलरीत कोण आहे आणि गुडघ्यावर कोण आहे?

आणि एक काम करा. १८९७ च्या त्या पुतळ्याचा फोटो आहे. म्हणून आज कुणी म्हणू शकत नाही की असं घडलंच नव्हतं. तुमच्या होस्टेलातला प्रत्येक 'विनोद' वहीत लिहून ठेवा. तारीख, खोली, शब्द, आणि कोण कोण हसलं ते. उद्या तो इतिहास होणार आहे. तो त्यांच्या आठवणींच्या लेखात गंमत म्हणून छापून येण्याआधी आपल्या वहीत पुरावा म्हणून असला पाहिजे.