साठ दिवसांच्या नोटिशीमागचं शहर : यंग्जटाउन, ओहायो

अमेरिकेत आयटीत असलेल्या एखाद्या मित्राकडून तुम्ही ऐकलं असेल, 'लेऑफ झालाय, पण साठ दिवसांची नोटीस आहे.' एच-वन-बी व्हिसावाल्यांना नोकरी गेल्यावर मिळतात ते साठ दिवस वेगळे, बरं का. मी बोलतेय ते नोकरी जाण्याआधीच्या साठ दिवसांबद्दल. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. हा नियम आला कुठून हे शोधायला लागले आणि थेट एका स्टीलच्या शहरात पोचले.

ओहायो राज्यातलं यंग्जटाउन. महोनिंग नदीच्या काठाने मैलोन् मैल कारखाने. कोळशापासून कोक करायच्या भट्ट्या, मग ब्लास्ट फर्नेस, म्हणजे आपण शाळेत शिकलो ती झोतभट्टी, आणि पुढे पोलादाचे पत्रे, पाइप. कामाला कोण? स्लोवाक, इटालियन, हंगेरियन लोक आणि दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय कामगार. या शेवटच्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा सगळ्यात तापलेली आणि धोक्याची कामं यायची. १९३० मध्ये शहराची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ७० हजार.

'यंग्जटाउन शीट अँड ट्यूब' ही इथली मोठी कंपनी. १९६९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लाइक्स नावाच्या जहाज कंपनीने ती ताब्यात घेतली. लाइक्स तिच्यापेक्षा लहान, त्यामुळे कर्ज काढून केलेला सौदा. परदेशी स्टीलची स्पर्धा होतीच, त्यात जुन्या यंत्रांवर पुरेसा पैसा घातला गेला नाही.

आणि मग १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. कंपनीने जाहीर केलं, कॅम्पबेल वर्क्सचा बहुतेक भाग बंद. आधी कसलीही सूचना नाही. सुमारे ५ हजार नोकऱ्या गेल्या. तिथे हा दिवस आजही 'ब्लॅक मंडे' म्हणून ओळखला जातो.

पण लोक गप्प बसले नाहीत. तिथल्या चर्चच्या बिशपांनी पुढाकार घेतला. कारखाना कामगारांनी आणि गावाने मिळून विकत घ्यायचा, अशी योजना निघाली. लोकांनी स्थानिक बँकांत खास खाती उघडून त्यासाठी बचत ठेवली. पण मोठ्या कर्जाला सरकारची हमी हवी होती, आणि १९७९ मध्ये कार्टर सरकारने ती नाकारली.

त्याच वर्षी यूएस स्टीलनेही इथले कारखाने बंद करायचं ठरवलं, आणखी सुमारे ३,५०० जण. कामगार कोर्टात गेले. न्यायाधीश थॉमस लॅम्ब्रोस यांनी सुनावणीत एक वेगळाच मुद्दा काढला : इतकी वर्षं कंपनी आणि गाव एकमेकांच्या आधाराने जगले, तर त्यातून गावाचा कंपनीवर काही हक्क तयार होतो की नाही? ऐकायला भारी वाटतं ना? पण असा हक्क देणारा कायदाच नव्हता. १९८० मध्ये निकाल कामगारांच्या विरोधात गेला, अपिलातही.

पुढे १९८८ मध्ये संसदेने 'वॉर्न' कायदा केला. तो लावून धरणारे सिनेटर हॉवर्ड मेट्झेनबॉम ओहायोचेच. साधारण शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने कारखाना बंद करताना किंवा मोठी कपात करताना साठ दिवस आधी कळवायचं. नाही कळवलं, तर तेवढ्या दिवसांचा पगार द्यावा लागू शकतो. म्हणूनच आज कितीतरी जणांचा लॅपटॉप पहिल्याच दिवशी बंद होतो, पण पगार दोन महिने चालू राहतो.

म्हणजे बघा, यंग्जटाउनने मागितलं होतं कारखान्यावर आपलं म्हणणं. कायद्यात मिळालं काय, तर वेळेवर निरोप. २०२० च्या जनगणनेत शहरात उरले होते सुमारे ६० हजार लोक.

मला तरी लॅम्ब्रोस यांचा प्रश्न अजून संपलाय असं वाटत नाही. ज्या शहराने कंपनीला माणसं, जमीन, पाणी दिलं, त्याला निघताना नोटिशीपलीकडे काही द्यायला हवं का? तुम्हाला काय वाटतं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!