अतिकठीण सुडोकूंचे संग्रह
अतिकठीण सुडोकूंचे संग्रह : नेहमीच्या तर्कयुक्त्यांना दाद न देणाऱ्या ९×९ सुडोकूंचे संगणकाच्या साहाय्याने केलेले संकलन. फिनलंडचे गणितज्ञ आर्टो इंकाला यांची कोडी या प्रकारात प्रसिद्ध आहेत. संग्रह वाढविताना ज्ञात कठीण कोड्यातील एकदोन अंक काढून इतर घरांत नवे अंक भरतात व उत्तर एकच येते ना, हे तपासतात. ओळी, स्तंभ वा अंकांच्या अदलाबदलीने झालेली समरूप कोडी वगळतात. उरलेल्यांचा काठिण्यांक ‘सुडोकू एक्सप्लेनर’सारख्या आज्ञावलीने ठरवितात. दिलेले अंक कमी म्हणून कोडे कठीण ठरत नाही. १७ अंकांची अनेक कोडी सोपी असतात. एकच उत्तर असलेले १६ अंकांचे कोडे नाही, हे गॅरी मॅग्वायर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकीय शोधाने दाखविले.