सनद नसलेली वकीलीण

आमचं गाव आंबेगाव तालुक्यात, आणि आत्या जुन्नरला दिलेली. दिवाळीत ती आली होती, तेव्हा हक्कसोडपत्राचा विषय निघाला. "दादा घोडेगावला घेऊन गेला, इथं सही कर म्हणाला, केली," एवढंच तिला आठवतं. दादा म्हणजे माझे बाबा. मी गप्प बसलो. काय बोलणार?

नेमकं त्याच आठवड्यात मी कॉर्नेलिया सोराबजीबद्दल वाचत होतो, म्हणून ते जास्तच टोचलं.

कॉर्नेलिया १८६६ ची, जन्म नाशिकचा. पारशी-ख्रिश्चन घर, आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायची. पोरगी डेक्कन कॉलेजात शिकली आणि पहिल्या वर्गात पास झाली. त्यावर विलायतेची सरकारी स्कॉलरशिप मिळायला हवी होती, पण बाई म्हणून नाकारली! मग इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढली, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होती. ऑक्सफर्डला कायदा शिकणारी ही पहिली बाई. १८९२ मध्ये परीक्षा दिली, पण डिग्री मिळाली १९२२ मध्ये. मध्ये तीस वर्षं! १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना डिग्रीच देत नव्हतं.

परत आल्यावर १८९६ मध्ये ती पुण्याच्या कोर्टात खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूने उभी राहिली. मुंबईची एलएल.बी. केली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही पास झाली. सनद मात्र नाही ती नाहीच. संस्थानांमध्ये चालायचं, पण तिथली तऱ्हा वेगळी. एका हत्तीच्या हक्काची केस ती लढली, आणि राजाने निकाल तिच्या बाजूने दिला, का, तर राजाच्या कुत्र्याला ती आवडली! आठवणींमध्ये तिनेच हे सांगितलंय. :)

तिला खरी काळजी होती ती पडद्यातल्या बायकांची. नवरा गेलेला, इस्टेट मोठी, आणि सगळा कारभार मॅनेजर नाहीतर दिराच्या हातात. परपुरुष वकिलाला भेटायचं नाही, आणि बाईला वकिली करता येत नाही. आमच्या भाषेत याला डेडलॉक म्हणतात. शेवटी १९०४ मध्ये बंगाल सरकारने तिला कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नेमलं. वीसेक वर्षांत सुमारे ६०० बायका-मुलांची कामं तिने पाहिली, म्हणजे कागद वाचून दाखवणं, भाऊबंदांशी भांडणं, पोरांच्या शिक्षणाची सोय लावणं.

आणि ती गोष्टी लिहायची. १९०१ मध्ये 'लव्ह अँड लाइफ बिहाइंड द पर्दा' हा कथासंग्रह आला, १९०८ मध्ये 'बिट्वीन द ट्वायलाइट्स'. तेव्हा कोर्टात तिला वकील म्हणून स्थान नव्हतं. मला वाटतं, जे न्यायाधीशापुढे मांडता येत नव्हतं ते तिने वाचकापुढे मांडलं. आता वाचक कोण, तर लंडनमधले इंग्रज. ज्यांच्यावर गोष्टी लिहिल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणींना त्या वाचता येणारच नव्हत्या. ही गोष्ट मला खटकते.

आणखी एक खटकणारी गोष्ट. ही बाई पक्की साम्राज्यवादी. गांधींना विरोध केला, कॅथरिन मेयोच्या 'मदर इंडिया'ची (१९२७) बाजू घेतली. त्यामुळे आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी काढत नाही. साहजिकच आहे. पण त्यापायी तिच्या कामावरही पाणी सोडायचं, हे काही मला पटत नाही.

१९२३ च्या कायद्याने बायकांना वकिलीची दारं उघडली. ही तेव्हा सत्तावन्न वर्षांची. १९२४ पासून कलकत्त्यात वकिली केली, पण फार जम बसला नाही. १९५४ मध्ये लंडनला वारली. अलीकडे सुजाता मॅसीने तिच्यावरून पर्वीन मिस्त्री ही मुंबईची वकीलीण रंगवली (२०१८). खुनाच्या रहस्यकथा आहेत, प्रवासात वाचायला झकास.

असो. बाबांकडे आत्याच्या कागदाची प्रत मागितली. थोडी कुरकुर झाली, पण कपाटातून काढून दिली. साडेतीन पानं आहेत. येत्या शनिवारी जुन्नरला जाऊन तिला वाचून दाखवतो.