अंध वाचकाला आपली वेबसाइट ऐकू येते का?

शाळेच्या किंवा जमातीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज कितीतरी सूचना येतात. परीक्षेचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, रमजानमध्ये सेहरी-इफ्तारचा तक्ता, रक्तदान शिबिराचा पत्ता. यातल्या बहुतेक सूचना फोटोच्या रूपात असतात. रंगीत पार्श्वभूमी, वर लोगो, मधे मजकूर. डोळस माणूस एका नजरेत वाचून मोकळा होतो. त्याच ग्रुपवर एखादा अंध पालक असेल तर त्याचा फोन फक्त "फोटो" असं बोलतो आणि पुढे जातो. आता काही फोन चित्रातली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतात, पण तक्त्यातली कोणती वेळ कोणत्या तारखेची, हे त्यातून कळेलच असं नाही.

वेबसाइट, अॅप, पीडीएफ किंवा साधा मेसेजसुद्धा दिव्यांग माणसाला दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय वापरता यावा, याला डिजिटल सुलभता किंवा अॅक्सेसिबिलिटी म्हणतात. 'मदतीशिवाय' हा शब्द इथे महत्त्वाचा. बँकेचा पिन, ओटीपी, दवाखान्याचा रिपोर्ट, मुलीच्या स्थळाबद्दलचा मेसेज या गोष्टी शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायच्या नसतात. फॉर्म भरून द्यायला घरात कुणीतरी आहे ना, असं आपण सहज म्हणून जातो. पण त्या माणसाची कुठलीच गोष्ट मग खासगी राहत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यानंतर २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, म्हणजे त्या आकड्यात न मोजलेले लोकही आता कायद्याच्या कक्षेत आहेत. शिवाय मोतीबिंदू झालेली दादी, शुगरमुळे नजर गेलेले चाचा, हात थरथरणारे निवृत्त सर, यांच्याकडे प्रमाणपत्र नसतं पण अडचण तीच असते.

स्क्रीन रीडर म्हणजे काय

अंध व्यक्ती फोन किंवा कॉम्प्युटर वापरते ती स्क्रीन रीडरच्या मदतीने. स्क्रीनवर जे आहे ते हे सॉफ्टवेअर आवाजात वाचून दाखवतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर अगोदरपासूनच असतं. विंडोज कॉम्प्युटरवर जॉज हे जुनं आणि महागडं सॉफ्टवेअर आहे. त्याला पर्याय म्हणून २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला सुरुवात केली. डोळस माणसाला मॉनिटर वापरायला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, मग अंधाने ते का मोजावेत, असा त्यामागचा विचार. एनव्हीडीए आजही मोफत मिळतं आणि त्यात मराठी व उर्दू वाचायची सोय आहे.

स्क्रीन रीडर पान डोळ्यांनी बघत नाही. पानामागे जो कोड लिहिलेला असतो तो वाचतो. त्यामुळे एखादी ओळ मोठ्या, ठळक अक्षरात असली म्हणून ती त्याच्यासाठी शीर्षक ठरत नाही. कोडमध्ये तिला शीर्षक म्हणून खूण केलेली असावी लागते. अशी खूण असेल तर एनव्हीडीए वापरणारा माणूस एच ही कळ दाबत एका बातमीवरून दुसरीवर उड्या मारतो, जसे आपण पेपरातल्या हेडलाइन्सवरून नजर फिरवतो. नसेल तर पहिल्या जाहिरातीपासून पुढचं सगळं ऐकत बसायचं.

तसंच बटणांचं. भिंगाचं चित्र म्हणजे शोध, घराचं चित्र म्हणजे मुख्य पान, हे आपल्याला दिसतं. कोडमध्ये नाव दिलेलं नसेल तर अंध वापरकर्त्याला ऐकू येतं, "बटण, बटण, बटण". यातलं 'अर्ज सादर करा' कोणतं आणि 'रद्द करा' कोणतं, हे नशिबावर. फॉर्मच्या रकान्यांनाही असंच नाव लागतं, नाहीतर जन्मतारीख टाकायची की आधार नंबर, ते कळत नाही. फोटोंना ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी एक ओळ, द्यावी लागते. 'सुंदर फोटो' हे ऑल्ट टेक्स्ट नव्हे. 'बक्षीस वितरणात व्यासपीठावर उभ्या पाच विद्यार्थिनी' हे चालेल.

दरवर्षी जगातल्या दहा लाख वेबसाइटांची मुख्य पानं तपासणाऱ्या वेबएम या अमेरिकी संस्थेला २०२५ मध्ये ९४.८ टक्के पानांवर सुलभतेच्या चुका सापडल्या. बहुतेक चुका सहाच प्रकारच्या होत्या: फिकट अक्षरं, ऑल्ट टेक्स्ट नसणं, फॉर्मच्या रकान्यांना नावं नसणं, रिकाम्या लिंक, रिकामी बटणं आणि पान कोणत्या भाषेत आहे ते न सांगणं. यातली एकही दुरुस्ती अवघड किंवा महागडी नाही.

मराठी-उर्दूची खास अडचण

इंग्रजी पुस्तकांत न सापडणारा एक प्रश्न आपल्याकडे आहे, तो फॉन्टचा. मराठी डीटीपीवाले कितीतरी वर्षं श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टाइप करत आले. त्यात दिसतं 'शाळा', पण कॉम्प्युटरच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, देवनागरीचा फक्त मुखवटा. अशा फाइलची पीडीएफ स्क्रीन रीडरला दिली की तो ती चिन्हं वाचू लागतो आणि ऐकणाऱ्याला काहीही अर्थ लागत नाही. उर्दूत तीच गोष्ट इनपेजची. जुन्या इनपेजमधला मजकूर वेबवर थेट टाकता येत नव्हता, म्हणून तो चित्र करून टाकायचे. उर्दूची कित्येक वर्तमानपत्रं बरीच वर्षं इंटरनेटवर अशीच यायची. डोळ्याला नस्तालीक सुंदर दिसायचं, पण अंध वाचकाला, आणि गूगललाही, ते पान कोरंच.

उपाय आहे युनिकोड. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कोणताही लावा. नस्तालीकचे चांगले युनिकोड फॉन्ट आता मोफत मिळतात, नोटो नस्तालीक उर्दू हा त्यातलाच. त्यामुळे "उर्दू चांगली दिसत नाही म्हणून फोटो टाकला" हे कारण आता उरलेलं नाही. टाइप करणाऱ्याने एक काळजी मात्र घ्यावी. अरबी कीबोर्डची 'ये' आणि 'काफ' ही अक्षरं उर्दूच्या अक्षरांसारखी दिसली तरी युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. चुकीचा कीबोर्ड वापरला तर शोधायला गेल्यावर शब्द सापडत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची खूण. पानाच्या कोडमध्ये ते मराठी, उर्दू की इंग्रजी हे लिहायचं असतं. मराठी पानावर इंग्रजीची खूण राहून गेली तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो आणि फसतो. उर्दू पानावर अरबीची खूण असली तर टे, डाल, ड़े, गाफ यांचे उच्चार बिघडतात, कारण ती अक्षरं अरबीत नाहीतच. लेखात मधेच आयत किंवा दुआ अरबीत असेल तर तेवढ्या भागाला अरबीची वेगळी खूण देता येते. वेबसाइट बनवणाऱ्याला हे पाच मिनिटांचं काम आहे, फक्त सांगावं लागतं.

इतरांच्या अडचणी

कर्णबधिर माणसाला व्हिडिओखाली लिखित मजकूर लागतो. आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनवर विसंबू नये, नावं आणि आकडे त्यात हमखास चुकतात. एकदा वाचून दुरुस्त करायला हवं. आणि ज्याची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्याच्यासाठी मराठी किंवा उर्दू ही दुसरी भाषा असते. लांबलचक सरकारी वाक्यं त्याला जड जातात, म्हणून मजकूर साधा आणि वाक्यं छोटी ठेवणं हीसुद्धा सुलभताच.

हातांची हालचाल नीट नसणारे लोक माउसऐवजी कीबोर्ड किंवा एखादं खास बटण वापरतात. त्यांना बारीक बटणं आणि झटकन संपणारी वेळ नडते. कमी दिसणाऱ्यांना फिकट रंग नडतात. वेब सुलभतेचे डब्ल्यूसीएजी हे जागतिक निकष सांगतात की साध्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ : १ असावा. आपल्याकडे लोकप्रिय असलेली फिकट हिरव्यावरची सोनेरी अक्षरं यात सहसा नापासच होतात. निमंत्रणपत्रिकेला ठीक आहेत, प्रवेश अर्जाला नाहीत.

काही वेबसाइटांच्या कोपऱ्यात 'अ+ अ-' किंवा माणसाचं निळं चिन्ह दिसतं. ते लावलं की काम झालं असं समजू नका. अक्षरं मोठी करायची सोय फोनमध्ये असतेच, आणि नाव नसलेलं बटण त्यानंतरही बिननावाचंच राहतं. असं साधन विकणाऱ्या अॅक्सेसिबी या कंपनीला २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक आणि छापील माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात मिळावा यासाठी सरकारने पावलं उचलायची आहेत. कलम ४६ सरकारी आणि खासगी दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू आहे. कायदा मोडल्यास कलम ८९ नुसार पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो. वेबसाइट आणि अॅपसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ हे मानक आहे.

कागदावर हे होतं, पण नियमांची भाषा शिफारशीची होती. राजीव रातुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. कायदा सक्ती सांगतो आणि नियम १५ फक्त सल्ला देतो, म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत करायला सांगितलं.

पुढचा निकाल आपल्या रोजच्या व्यवहाराशी जोडलेला आहे. प्रज्ञा प्रसून या अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिलेला बँक खातं उघडताना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी लवून दाखवायला सांगितलं गेलं. हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीला ते शक्य नव्हतं. अंध वकील अमर जैन यांचीही याचिका सोबत होती. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले. पापणी लवण्याला पर्याय देणं हा त्यातला एक. म्हणजे आता केवायसी होत नाही म्हणून परत पाठवलं तर हा निकाल दाखवता येतो.

स्वतः तपासून बघा

आपल्या शाळेची, संस्थेची वेबसाइट कशी आहे हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. पीडीएफमधली दोन ओळी कॉपी करा आणि स्वतःलाच मेसेजमध्ये पेस्ट करा. मराठी किंवा उर्दू आली तर ठीक. इंग्रजी चिन्हांचा कचरा आला किंवा ओळ निवडलीच गेली नाही, तर अंध वाचकालाही तेच मिळतंय.

कॉम्प्युटरवर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर कळा वापरून फॉर्म भरा. आपण कुठल्या रकान्यावर आहोत ते दिसत नसेल किंवा मधेच अडकलात, तर दुरुस्ती हवी.

मग फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत जाऊन टॉकबॅक सुरू करा. आता एकदा टेकवलं की फोन बोलतो, दोनदा टेकवलं की उघडतो, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. डोळे मिटून निकालाचं पान शोधा. आठवी-नववीच्या मुलांकडून हे करून घ्या, ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात आणि चुकाही जास्त पकडतात.

ग्रुपवर फोटो टाकायचाच असेल तर तोच मजकूर खाली टाइप करून टाका. वेबसाइट बनवून घेताना करारात 'डब्ल्यूसीएजी २.१, स्तर एए' एवढे शब्द लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडून काम तपासून घ्या, शक्य असेल तर मोबदला देऊन. सरकारी किंवा खासगी सेवेची वेबसाइट चालत नसेल तर आधी त्या संस्थेला लेखी कळवा, सोबत तारीख, फोनचं मॉडेल आणि नेमकं कुठे अडलं ते लिहा. दाद मिळाली नाही तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते.