केआरएएस (जनुक)

केआरएएस (उच्चार : के-रॅस) हे मानवाच्या १२व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील एक जनुक आहे. त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनालाही हेच नाव आहे. पेशीला बाहेरून मिळालेला वाढीचा व विभाजनाचा संदेश केंद्रकापर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीत हे प्रथिन विजेच्या बटणासारखे काम करते. संदेश येताच ते चालू होते आणि थोड्याच वेळात बंद होते. जनुकात विशिष्ट ठिकाणी उत्परिवर्तन झाल्यास हे बटण बंद होत नाही व पेशी अनिर्बंध विभाजित होऊ लागते. स्वादुपिंड, मोठे आतडे आणि फुफ्फुस यांच्या अनेक कर्करोगांत असे उत्परिवर्तन आढळते.

एचआरएएस, एनआरएएस आणि केआरएएस ही रॅस कुलातील तीन मानवी जनुके होत. मानवी कर्करोगांत यांपैकी केआरएएसमध्येच सर्वाधिक वेळा बदल झालेला दिसतो.

नाव आणि शोध

कर्स्टन, रॅट (उंदीर) आणि सार्कोमा (संयोजी ऊतींचा कर्करोग) या शब्दांवरून हे नाव पडले. १९६४ मध्ये जेनिफर हार्वी यांना आणि १९६७ मध्ये वर्नर कर्स्टन यांना उंदरांमध्ये सार्कोमा निर्माण करणारे विषाणू आढळले. या विषाणूंमधील कर्करोगकारक जनुक मूळचे विषाणूचे नसून उंदराच्या पेशींतून उचललेले आहे, हे पुढे एडवर्ड स्कोल्निक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

१९८२ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे ठरले. रॉबर्ट वाइनबर्ग, मारियानो बार्बासिद आणि मायकेल विग्लर यांच्या प्रयोगशाळांनी मानवी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतून एचआरएएस जनुक वेगळे केले. निरोगी जनुकाहून त्यात केवळ एका अक्षराचा फरक होता. त्याच वर्षी चॅनिंग डेर, जेफ्री कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी फुफ्फुसाच्या कर्करोगात कर्स्टन विषाणूतील जनुकाशी जुळणारे जनुक दाखवून दिले. कर्करोगाचे बीज आपल्याच पेशींतील एका आवश्यक जनुकात असू शकते, हे या संशोधनामुळे सिद्ध झाले.

रचना

जनुकाच्या चौथ्या सांकेतिक खंडाचे दोन पर्याय असल्यामुळे केआरएएस प्रथिनाची दोन रूपे तयार होतात. त्यांत अनुक्रमे १८९ व १८८ अमिनो आम्ले असतात. प्रथिनाच्या शेपटाला फार्नेसिल नावाचा स्निग्ध गट जोडला जातो. त्याच्या आधारे प्रथिन पेशीपटलाच्या आतील बाजूस रुतून बसते. पेशीपटलाशी जोडले गेल्याशिवाय ते आपले काम करू शकत नाही.

पेशीतील संकेतवहन

केआरएएस हे जीटीपीएज प्रकारचे प्रथिन आहे. तीन फॉस्फेट गट असलेला जीटीपी हा रेणू त्याला जोडलेला असताना ते ‘चालू’ स्थितीत असते. एक फॉस्फेट तुटून जीटीपीचा जीडीपी झाला की ते ‘बंद’ होते.

वाढीला चालना देणारा घटक पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआरसारख्या ग्राहीला चिकटला की ग्राहीच्या आतील टोकावर फॉस्फेट गट जोडले जातात. तेथे जीआरबी-२ हे प्रथिन येऊन बसते व एसओएस या प्रथिनाला सोबत आणते. एसओएस केआरएएसमधील जीडीपी सैल करते. पेशीत जीटीपी विपुल असल्यामुळे रिकाम्या जागी तोच शिरतो. त्याबरोबर केआरएएसच्या दोन भागांचा आकार बदलतो आणि पुढची प्रथिने त्याला जोडली जाऊ शकतात. येथून संदेश मुख्यतः दोन वाटांनी जातो. रॅफ, मेक आणि इर्क या विकरांच्या मालिकेतून तो केंद्रकात पोहोचतो व विभाजनाशी संबंधित जनुके कार्यान्वित करतो. पीआय-३ कायनेज व एकेटी यांच्या मार्गाने तो पेशीची वाढ व तग धरण्याची क्षमता राखतो.

जीटीपी तोडण्याची केआरएएसची स्वतःची क्षमता अत्यंत मंद असते. न्यूरोफायब्रोमिनसारखी साहाय्यक प्रथिने हा वेग हजारो पटींनी वाढवितात. म्हणजे बटण बंद होणे हे या साहाय्यकांवर अवलंबून असते.

हे जनुक मुळात अपायकारक नाही. ते काढून टाकलेल्या उंदरांचे भ्रूण गर्भावस्थेतच मरतात.

उत्परिवर्तने

कर्करोगातील बहुतेक बदल प्रथिनाच्या १२, १३ व ६१ या स्थानांवर होतात. १२व्या स्थानी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. त्याच्या जागी दुसरे कोणतेही मोठे अमिनो आम्ल आले, तर साहाय्यक प्रथिनाचा जीटीपी तोडणारा भाग योग्य जागी बसू शकत नाही. परिणामी केआरएएस दीर्घकाळ ‘चालू’ राहते व बाहेरून संदेश नसतानाही पेशीला विभाजनाची आज्ञा देत राहते.

डीएनएमध्ये ग्लायसिनसाठी असलेल्या ‘जीजीटी’ या संकेताचा ‘जीएटी’ झाल्यास अ‍ॅस्पार्टिक आम्ल (जी-१२-डी), ‘जीटीटी’ झाल्यास व्हॅलिन (जी-१२-व्ही) आणि ‘टीजीटी’ झाल्यास सिस्टीन (जी-१२-सी) येते. तंबाखूच्या धुरातील कर्करोगकारक द्रव्यांमुळे डीएनएमधील ‘जी’च्या जागी ‘टी’ येण्याचा बदल विशेषत्वाने होतो. त्यामुळे जी-१२-सी हा प्रकार धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगात अधिक दिसतो.

हे बदल सहसा आयुष्यात एखाद्या पेशीत घडतात. ते आईवडिलांकडून येत नाहीत व मुलांकडेही जात नाहीत. जन्मजात असणारे, तुलनेने सौम्य असे वेगळे बदल नूनन संलक्षणासारख्या विकारांना कारणीभूत होतात.

कर्करोगाशी संबंध

स्वादुपिंडाच्या नलिकांत उद्भवणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी सुमारे ४० टक्के कर्करोगांत केआरएएसमध्ये उत्परिवर्तन असते. स्वादुपिंडात ते कर्करोगपूर्व अवस्थेतच आढळते. मात्र हा एकच बदल सहसा पुरेसा नसतो. टीपी-५३ सारख्या, वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांचाही बिघाड व्हावा लागतो.

निदान आणि उपचार

केआरएएसच्या तपासणीचा उपचारांशी थेट संबंध आहे. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात सेटुक्सिमॅब व पॅनिटुमुमॅब ही प्रतिपिंडे ईजीएफआर ग्राहीला अडवितात. तथापि केआरएएस स्वतःच चालू असेल, तर त्याच्या वरची कडी बंद करून उपयोग होत नाही. २००८ मधील अभ्यासांतून हे स्पष्ट झाल्यावर ही औषधे देण्यापूर्वी जनुकीय तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे रुग्णाला निरुपयोगी औषधाचा त्रास व खर्च टाळता येतो.

प्रत्यक्ष केआरएएसवर औषध शोधणे सुमारे चार दशके असाध्य मानले जात होते. जीटीपी या प्रथिनाला अत्यंत घट्ट चिकटतो. शिवाय प्रथिनाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर औषधाला पकड घेता येईल अशी खोबण दिसत नव्हती. फार्नेसिल गट जोडणाऱ्या विकराला रोखण्याचा प्रयत्नही फसला, कारण पेशी त्याऐवजी दुसरा स्निग्ध गट वापरते.

२०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या गटाने जी-१२-सी प्रकारातील ‘बंद’ स्थितीत उघडणारी एक लहान खोबण दाखविली. तेथील सिस्टीनशी कायमचा रासायनिक बंध जोडून प्रथिन बंद स्थितीतच अडकविता येते. या तत्त्वावरील सोटोरासिब या औषधाला अमेरिकेत मे २०२१ मध्ये आणि अ‍ॅडाग्रासिबला डिसेंबर २०२२ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. सोटोरासिबच्या चाचणीत सुमारे ३७ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या. तथापि रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ सुमारे सात महिनेच होता, कारण कर्कपेशी नवे बदल घडवून औषधाला दाद देईनाशा होतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अशी औषधे ईजीएफआरविरोधी प्रतिपिंडांसह दिल्यास अधिक परिणामकारक ठरतात.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात मुख्यत्वे आढळणाऱ्या जी-१२-डी प्रकारात सिस्टीन नसल्याने ही औषधे त्यावर चालत नाहीत. म्हणून अहवालात केवळ ‘केआरएएस उत्परिवर्तन आढळले’ एवढी नोंद पुरेशी ठरत नाही. बदलाचा नेमका प्रकारही नमूद असावा लागतो.