छोटी गाडी, मोठी गाडी आणि टीव्हीची वायर

नागभीडच्या स्टेशनावर ज्यांनी कधी गाडी बदलली असेल, त्यांना आजच्या माझ्या बोलण्यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. नागपूरहून नागभीडला १९०८ साली रेल्वे आली ती अडीच फुटी रुळांची. आपण तिला छोटी गाडी म्हणत आलो. पुढे १९९० च्या दशकात गोंदिया, नागभीड, चांदाफोर्ट हा मार्ग साडेपाच फुटी झाला. नागपूरची लाईन मात्र अडीच फुटीच राहिली, ती रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद होईपर्यंत. मधली वीसेक वर्षं आपण काय करत होतो? छोट्या गाडीतून उतरायचं, बोचकं डोक्यावर घ्यायचं, लेकराचा हात धरायचा आणि मोठ्या गाडीची वाट पाहायची. स्टेशन एकच, पण छोटीचा डबा मोठीच्या रुळांवर काही जात नसे. जायची ती माणसं.

हे आज आठवण्याचं कारण जरा वेगळंच आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून भाचा येतो, नवा व्हिडिओ गेम घेऊन येतो, आणि आजोबांच्या जुन्या टीव्हीला तो काही लागत नाही. किंवा याच्या उलट होतं. घरात नवा पातळ टीव्ही येतो आणि माळ्यावरचा जुना गेम त्याला लागत नाही. मग कोणी म्हणतं, टीव्ही भंगारात द्या. कोणी तालुक्याहून शेदोनशेची वायर आणतं आणि तीही वाया जाते. शाळेतल्या गुरुजींना हाच अनुभव जुन्या मॉनिटरचा आणि प्रोजेक्टरचा येतो. हे असं का होतं, याला एक इतिहास आहे. तो समजला तर पैसा वाचेल आणि चांगली वस्तू भंगारात जाणार नाही.

या इतिहासाची सुरुवात अमेरिकेत होते. राल्फ बेअर नावाचा एक इंजिनिअर होता. नाझींच्या छळामुळे १९३८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याच्या कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली होती. १९६६ साली त्याच्या मनात आलं की घरोघरी टीव्ही आहेत, पण लोक त्यांच्यापुढे नुसते बसून असतात. या पडद्यावर खेळता का येऊ नये? विचार सोपा होता, अडचण मात्र मोठी. त्या काळच्या टीव्हीला बाहेरून चित्र घ्यायला एकच दार होतं, ते म्हणजे अँटेनाचं. आणि त्या दारातून टीव्ही फक्त प्रक्षेपण केंद्राच्या लहरी आत घेई. बेअरने युक्ती केली. त्याने आपल्या डब्यात घरापुरतं एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्रच बसवलं. डबा अँटेनाच्या जागी जोडायचा, टीव्हीवर ठरलेलं चॅनेल लावायचं, आणि टीव्हीला वाटायचं की हे कुठल्या तरी केंद्राचंच चित्र आहे! या युक्तीतून १९७२ साली मॅग्नावॉक्स कंपनीचा 'ओडिसी' हा घरगुती गेम बाजारात आला. त्याला ना रंग होता, ना आवाज. रंगीत प्लॅस्टिकचे पारदर्शक कागद पडद्यावर चिकटवून खेळायचं.

त्याच १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं. दहा वर्षांनी, १९८२ च्या ऑगस्टमध्ये, देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्याच महिन्यात आपल्या चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, म्हणून ते साल आपल्या लक्षात राहायला सोपं. १९८४ साली देशभर लहान प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले आणि टीव्ही शहराबाहेर पसरू लागला.

पण इथेच दुसरी मेख होती, आणि तीही रुळांसारखीच. जगात टीव्हीचं चित्र पाठवण्याच्या पद्धती अनेक. अमेरिका आणि जपान यांची पद्धत ५२५ ओळींची, सेकंदाला सुमारे ६० वेळा पडदा रंगवणारी. तिचं नाव एनटीएससी. भारताने घेतली ती ६२५ ओळींची आणि सेकंदाला ५० वेळांची, तिचं नाव पाल. चित्र आणि आवाज यांच्या लहरींमधलं अंतरही निराळं, तिकडे साडेचार मेगाहर्ट्झ तर आपल्याकडे साडेपाच. निन्टेन्डो कंपनीचा 'फॅमिली कॉम्प्युटर' जपानमध्ये १९८३ साली निघाला. पुढे त्याच जातीचे डबे 'सामुराय', 'मीडिया' अशा नावांनी आपल्या बाजारात आले. काही आपल्या पद्धतीचे असत, तर काही बाहेरून आलेले परक्या पद्धतीचे.

असाच एक परका डबा माझ्या मामाने १९९२ च्या सुमारास नागपूरहून छोट्या गाडीने आमच्याकडे आणला. आमचा टीव्ही चौदा इंची, काळा-पांढरा. पहिली पंचाईत झाली ती मागच्या बाजूला. डब्याची वायर गोल, आणि टीव्हीला मात्र दोन स्क्रूंना लावायची चपटी वायर. गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी एक बोटभर लांबीचा तुकडा मध्ये जोडला. त्याला बॅलन म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. गोल वायर ७५ ओहमची, चपटी ३०० ओहमची, त्या दोघींचा मेळ तो घालतो. जोड बसला, चित्र आलं, पण ते रहाटासारखं वरून खाली फिरू लागलं. काकांनी मागची एक खुंटी हळूहळू पिळली, तेव्हा चित्र उभं राहिलं. आवाज मात्र शेवटपर्यंत आला नाही, नुसती खरखर! डबा आवाज साडेचारवर पाठवत होता आणि आमचा टीव्ही तो साडेपाचवर शोधत होता. आम्ही पोरं टीव्हीचा आवाज बंद करायचो आणि उड्यांचे, गोळ्यांचे आवाज तोंडाने काढायचो. मामा म्हणायचा, "वायर तं बसली ना, मग अडलं कुठं?" अडलं होतं ते हेच. वायर बसणं वेगळं आणि भाषा जुळणं वेगळं.

त्या काळात मधला दलाल म्हणून एक यंत्र फार कामाला येई, ते म्हणजे व्हीसीआर. गावात टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणून पिक्चर पाहिलेले आपल्यापैकी पुष्कळजण असतील. बऱ्याच व्हीसीआरना चित्र आणि आवाज वेगळ्या वायरींनी आत घेता येई आणि अँटेनाच्या वायरीने बाहेर देता येई. म्हणजे तो एक फलाटच होता, एका गाडीतून उतरायचं आणि दुसरीत बसायचं.

पुढे टीव्हीला वेगळी दारं आली. फ्रान्समध्ये १९७८ च्या सुमारास एकवीस पिनांचं मोठं सॉकेट निघालं आणि ते युरोपभर पसरलं. आपल्याकडे रुळली ती तीन रंगांची वायर, पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. चिमुकल्या प्रक्षेपण केंद्राचं सोंग आता घ्यावं लागत नव्हतं, त्यामुळे चित्रही स्वच्छ दिसू लागलं. मग २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआयचा नियम ठरला. आता चित्र लहरींनी नव्हे तर आकड्यांनी जाऊ लागलं, आवाजही त्याच वायरीतून. काही वर्षं कंपन्यांनी डब्यांना जुनं आणि नवं अशी दोन्ही दारं ठेवली. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांना मात्र चित्र बाहेर देण्यासाठी एचडीएमआय एवढंच दार उरलं. पूर्वी जोडणीची व्यवस्था डबा करणारा करत असे, आता ते ओझं घरातल्या माणसावर आलं.

म्हणून बाजारात छोट्या डब्या मिळतात, कन्व्हर्टर. त्या घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट दिशा. एचडीएमआयचं एव्ही करणारी डबी आणि एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी दिसायला जुळ्या बहिणी. एक उतरवते, दुसरी चढवते. नवा गेम आणि जुना टीव्ही असेल तर पहिली हवी. जुना गेम आणि नवा टीव्ही असेल, आणि टीव्हीला तिरंगी वायरीचं दारच नसेल, तर दुसरी. उलटी घेतली की पडदा काळा राहतो आणि दुकानदाराशी भांडण होतं. या डब्यांना बहुधा पाच व्होल्टची वीजही लागते. दोन टोकांना दोन वेगळ्या पिना असलेली नुसती वायर हे काम करत नाही, कारण आकड्यांच्या लहरी करायला मध्ये कोणीतरी राबावं लागतं.

दुसरी गोष्ट पद्धत. उतरवणाऱ्या डबीवर पाल आणि एनटीएससी असं लहानसं बटण असतं. आपल्याकडच्या जुन्या संचासाठी ते पालकडे ठेवावं. टीव्हीला फक्त अँटेनाचंच दार असेल, तर आणखी एक डबी लागते, ती मॉड्युलेटर. बेअरच्या चिमुकल्या केंद्राचाच तो वारस. जुन्या काळ्या-पांढऱ्या संचावर चॅनेल २ ते १२ एवढीच असत, तेव्हा मॉड्युलेटर त्यांतल्याच एखाद्या चॅनेलवर चित्र देतो ना, हे आधी विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट मॉनिटरची, आणि ही गुरुजींसाठी. शाळेतला निळ्या पिनेचा जुना मॉनिटर व्हीजीए पद्धतीचा, ती १९८७ सालची. त्याला एचडीएमआय लावायला वीज घेणारा खरा कन्व्हर्टर हवा. पांढऱ्या रुंद पिनेच्या डीव्हीआय मॉनिटरला मात्र साधी वायर चालते, कारण दोघांची भाषा आकड्यांचीच. पण मॉनिटर फार जुना असेल तर नक्कल रोखणाऱ्या कुलपामुळे पडदा काळा राहू शकतो. प्लेस्टेशन ४ मध्ये हे कुलूप सेटिंगमधून काढता येतं. आवाजाची सोय बहुधा वेगळी करावी लागते.

गाडी बदलताना जशी बोचकी मागे राहतात आणि वेळ जातो, तसंच इथेही होतं. नव्या खेळाचं चित्र १०८० ओळींचं, जुन्या टीव्हीत चित्राच्या ओळी ५७६. म्हणून बारीक अक्षरं पुसट होतात. यात टीव्हीचा दोष नाही. उलट बाजूने, जुना गेम नव्या पातळ टीव्हीला लावला की चित्र ओढून रुंद होतं, आणि बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते, कारण टीव्ही चित्र मोठं करण्यात क्षणभर गुंतलेला असतो. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो लावावा आणि चित्राचा आकार चारास तीन ठेवावा. बंदुकीने बदकं मारण्याचा १९८४ सालचा खेळ मात्र नव्या टीव्हीवर काही केल्या चालत नाही. ती बंदूक जुन्या काचेच्या पडद्यावर उमटणारा प्रकाश नेमक्या क्षणी टिपते. नव्या पडद्याला तो क्षण साधत नाही. त्या खेळाला जुनाच टीव्ही हवा.

एक सूचना मात्र कळकळीने करतो. जुन्या संचाला आतून एव्हीचं सॉकेट बसवून देतो असं कोणी म्हणालं तर सावध राहा. पुष्कळ जुन्या संचांची आतली पत्रापट्टी थेट घराच्या विजेला जोडलेली असते. तिथून बाहेर काढलेल्या पिनेत वीज येऊ शकते, आणि ती पिन लेकराच्या हातात असते. शिवाय रंगीत संचाच्या काचेत वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. मागचं झाकण उघडूच नये. काम बाहेरून, दारातूनच करावं.

दूरदर्शनची अँटेनावर दिसणारी जुनी प्रक्षेपणं २०२२ पर्यंत बहुतेक सगळी बंद झाली. माळ्यावरच्या त्या चौदा इंची संचाकडे आता कुठलंच केंद्र काही पाठवत नाही. पण त्याचं दार अजून उघडं आहे. गेल्या दिवाळीत भाच्याच्या गेमला दोन डब्या लावून मी तो संच सुरू केला. चित्र काळं-पांढरं, अक्षरं पुसट. पण या वेळी आवाज आला. मामा आता सत्तरीचा आहे, तो खाटेवर बसून पाहत होता. म्हणाला, "आता कसं बोलून राहिलं पहा!"

आपल्या घरातला संच भंगारवाल्याच्या गाडीवर चढवण्याआधी एकदा त्याच्या मागच्या बाजूला पाहा. कुठली दारं आहेत ती मोजा, कागदावर लिहा आणि मग तालुक्याला जा. नागभीडच्या फलाटावर आपण इतकी वर्षं गाडी बदललीच ना? मग हेही जमेल.